आई अंगणात झोपू लागली आहे

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात आहे. 10 जुलै 2024 च्या सकाळी भूकंपाचा धक्का बसला, तेव्हापासून माझी आई घरात झोपत नाही. अंगणात बाज टाकते आणि पाऊस आला की गोठ्याच्या पत्र्याखाली जाते. तिचे माहेर किल्लारीजवळच्या उमरगा तालुक्यातले. 1993 च्या भूकंपात तिची धाकटी बहीण आणि दोन भाच्या गेल्या. वडील तिच्यावर चिडतात, ‘मरण काय घर बघून येतं का’ म्हणतात. गावात काही जण याला देवाचा कोप म्हणतात आणि ते ऐकून ती आणखी गप्प होते. दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या लावून बसते. माझ्या हातूनही एक चूक झाली. त्या सकाळी मला इमारत कोसळतानाचा एक व्हिडिओ आला, त्यावर ‘हिंगोली, आत्ताची दृश्ये’ आणि ‘रात्री याहून मोठा धक्का बसणार’ असे लिहिलेले होते. मी घाबरून तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या रात्री अर्धे गाव मारुतीच्या पारावर बसून होते. व्हिडिओ परदेशातला आणि जुना होता, हे नंतर कळले. मी तो काढून टाकला, पण कोणाला काही बोललो नाही. आईला कसे समजवावे? कोणत्या बातमीवर विश्वास ठेवावा? तिला पुण्याला घेऊन येऊ का? – एक मुलगा, पुणे

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते आईंबद्दलचे पत्र वाटले. दुसऱ्या वाचनात मात्र लक्षात आले की त्यातील सर्वांत जड वाक्य ‘कोणाला काही बोललो नाही’ हे आहे. म्हणून आरंभ तिथूनच करते.

तो व्हिडिओ तुम्ही काढून टाकला, परंतु त्यातील मजकूर लोकांच्या मनातून निघालेला नाही. ज्यांनी त्या रात्री लेकरांना मांडीवर घेऊन पारावर जागरण केले, त्यांच्यापैकी अनेकांना आजही असेच वाटत असेल की मोठा धक्का त्या रात्री टळला, पण तो केव्हातरी येणारच आहे. तेव्हा त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने, साध्या शब्दांत लिहा की तो व्हिडिओ मी टाकला होता, तो आपल्या भागातला नव्हता, त्याखालील भाकीत खोटे होते, आणि भूकंपाची वेळ आधी सांगण्याचे शास्त्र आज जगात कोठेही उपलब्ध नाही. क्षमा मागायची ती एका ओळीत मागा आणि कारणे सांगत बसू नका. गावाबाहेर नोकरीला गेलेल्या मुलाचा शब्द गावात वजनदार असतो. त्याच वजनामुळे तो व्हिडिओ खरा ठरला होता, आणि त्याच वजनामुळे तुमची दुरुस्तीही ऐकली जाईल. अनेक जण खोटा निरोप गुपचूप पुसून मोकळे होतात, आणि अफवा नेमकी तेथेच टिकून राहते.

आता आईंविषयी. त्यांना ‘समजवायचे’ आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मला वाटते, आधी आपण त्यांच्याकडून समजून घ्यायला हवे, कारण त्यांच्या भीतीत 1993 पासून जपलेले एक खरे ज्ञान आहे.

त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन गाढ झोपले होते. भूकंपाची तीव्रता वेगवेगळ्या मापनांनुसार 6.2 ते 6.4 इतकी नोंदली गेली. जगाच्या मानाने हा आकडा फार मोठा नाही. असे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी होतात आणि त्यांतले बरेचसे फारशी हानी न करता जातात. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मात्र आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. याचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती बाहेरून भक्कम दिसत, पण त्या प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असून मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती भरलेली असे. दोन्ही तोंडांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड बहुधा नसत. वर माळवद, म्हणजे लाकडांवर माती पसरलेले सपाट छप्पर. ते गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर टाकण्याची रीत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या असे थर साचून छपराचे वजन वाढत गेले होते. जमीन हलताच भिंतीची दोन तोंडे फाकली आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहणारी, आजोबा-पणजोबांनी मायेने बांधलेली ती घरे होती. म्हणून त्या पहाटेनंतर पुष्कळांच्या मनातून घर या शब्दावरचाच विश्वास उडाला.

तुम्ही आपल्या घराचे वर्णन पत्रात केलेले नाही. पण आई ज्या खोलीत झोपत नाहीत ती खोली दगडमातीची आणि माळवदाची असेल, तर त्या अगदी योग्य करीत आहेत आणि चूक तुमच्या वडिलांची होते आहे. मरण घर बघून येत नाही हे खरे असले, तरी भूकंपातले मरण बहुतेक वेळा घरातूनच येते. वडिलांना हे सांगताना आईची बाजू घेतल्यासारखे सांगू नका, कारण मग तो नवराबायकोतील वाद होऊन बसेल. एखादा जाणता गवंडी किंवा पंचायत समितीतील बांधकाम अभियंता घरी बोलवा आणि भिंती दोघांच्या समोर दाखवा. भिंत मधूनच फुगली आहे का, कोपऱ्यांत उभ्या चिरा आहेत का, माळवदावरील मातीचा थर किती जाड आहे, हे दिसल्यावर बोलणे आपोआप भीतीवरून भिंतीवर येईल. पावसाळा संपताच माळवदाची जुनी माती उतरवून वर हलके छप्पर घालता येते, भिंतींत ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून आरपार जाणारे काँक्रीटचे सांधे बसवता येतात, आणि दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा देता येतो. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात नवी गावे वसवण्याबरोबरच टिकलेली जुनी घरे अशा उपायांनी मजबूत करण्याचे कामही झाले होते, त्यामुळे लातूर-धाराशिवकडे हे काम पाहिलेली माणसे आजही भेटतील.

तोपर्यंत आईंना घराच्या ज्या भागावर जड छप्पर नाही तेथे झोपू द्या, आणि वडिलांनाही तेथेच न्या. अंगणातच झोपायचे असेल, तर बाज भिंतीच्या उंचीपेक्षा अधिक अंतरावर असावी. आषाढ-श्रावणात विंचूकाट्याचे भय असते, तेव्हा उजेडाची आणि मच्छरदाणीची सोय करा. गोठ्याच्या पत्र्यावर, वाऱ्याने उडू नये म्हणून, दगड ठेवलेले असतील तर ते आजच उतरवून पत्रे नीट बांधून घ्या. 2024 च्या मार्चमध्ये धक्के बसल्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांना हेच सांगितले होते. घराला चिरा पडल्या असतील, तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यायलाही विसरू नका.

बातम्यांचा प्रश्न तुम्ही एका ओळीत विचारला आहे, पण त्याला उत्तर लांब आहे, आणि ज्या व्यवसायात माझे आयुष्य गेले त्याची त्यात थोडी जबाबदारी आहे.

1993 साली मी एका दैनिकात नवखी उपसंपादक होते. तेव्हा चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या नव्हत्या. होते ते आकाशवाणी, दूरदर्शन आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र. पहिल्या बातम्या तुटक होत्या आणि मृतांचे आकडे तासातासाला बदलत होते. मग छायाचित्रे छापून आली आणि राज्यभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. डॉक्टर, विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था, लष्कराचे जवान, सगळे धावून गेले. त्याच रस्त्यांवरून नुसते ‘बघायला’ येणाऱ्यांच्या गाड्याही आल्या, आणि मदतीच्या गाड्यांना वाट मिळणे कठीण झाले. जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले. ही सगळी गर्दी बातम्या वाचूनच निघाली होती. तिच्यात करुणाही होती आणि कुतूहलही, आणि पुष्कळ वेळा दोन्ही एकाच माणसात होती.

पंधरा दिवसांनी मलाही तिकडे पाठवण्यात आले. पत्र्याच्या निवाऱ्यात बसलेल्या एका बाईंना मी विचारले की त्या रात्री नेमके काय झाले. त्यांनी सगळे सांगितले, क्रमाने, एकदाही न अडखळता. मी वही मिटल्यावर शेजारची मुलगी म्हणाली, ‘सकाळपासून सहाव्यांदा सांगायलीय.’ मला तेव्हा जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. त्या बाईंना बोलायचे नव्हते असे नाही. पण ऐकणारा प्रत्येक माणूस वही मिटून निघून जात होता. पुढे 2015 मध्ये नेपाळच्या भूकंपात ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या आप्तांपुढे माइक धरून ‘तुम्हाला कसे वाटते आहे’ असे विचारणाऱ्या भारतीय वाहिन्यांवर तेथील लोकांनी उघड संताप व्यक्त केला, तेव्हा मला त्या पत्र्याच्या निवाऱ्याची आठवण झाली.

आजची अडचण वेगळी आहे. बातमी आता धक्क्यापाठोपाठ काही मिनिटांत पोहोचते, पण पुढच्या काही तासांत सांगण्यासारखे नवे काहीच नसते. मग डुलणाऱ्या पंख्याचे आणि घराबाहेर धावणाऱ्या माणसांचे तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले जाते, आणि पाहणाऱ्याच्या मनात एकच धक्का चाळीस वेळा बसतो. ज्यांनी पूर्वी माणसे गमावली आहेत, त्यांच्यासाठी हे सोसणे फार कठीण असते. आईंचा टीव्ही बंद करू नका, तो त्यांचा अपमान होईल. दिवसातून दोन ठरावीक वेळा बातम्या पाहण्याचे त्यांच्याशी ठरवा, आणि त्या वेळी वडील त्यांच्याजवळ बसतील असे बघा.

खरी बातमी ओळखण्यासाठी आधी कोणी सांगितले ते पाहावे. आपल्याकडे भूकंपाची अधिकृत नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र करते. त्यांचे संकेतस्थळ आहे आणि ‘भूकंप’ नावाचे ॲपही आहे. तेथे वेळ, केंद्रस्थान, खोली आणि तीव्रता एवढेच मिळते, आणि पहिल्या दिवशी कोणालाही प्रामाणिकपणे माहीत असते ते साधारण तेवढेच. पहिला आकडा पुढे थोडा बदलला, किंवा अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेचा आकडा वेगळा दिसला, तर ‘सरकार लपवते आहे’ असे लगेच गावात बोलले जाते. प्रत्यक्षात वेगळ्या केंद्रांच्या नोंदी आणि वेगळ्या पद्धती यांमुळे असा फरक पडतोच. खोली ‘10 किलोमीटर’ अशी वारंवार वाचायला मिळते, त्याचेही कारण सांगून ठेवते. नोंदी पुरेशा नसतात तेव्हा गणितात खोलीचा हाच आकडा गृहीत धरण्याची पद्धत आहे, त्यामुळे त्यावरून कोणी फार मोठे निष्कर्ष काढू लागला तर सावध व्हावे.

10 जुलैचा धक्का साडेचार तीव्रतेच्या आसपासचा होता आणि त्यात जीवितहानी झाली नाही. साडेचार आणि सव्वासहा हे आकडे जवळजवळचे वाटतात, म्हणून ‘किल्लारीची पुनरावृत्ती’ असे मथळे खपतात. पण या मापनात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. या हिशेबाने किल्लारीची तीव्रता 6.2 धरली, तरी त्या भूकंपाची ऊर्जा तुमच्याकडच्या धक्क्याच्या साडेतीनशे पटींच्या घरात जाते. हा हिशेब आईंना जरूर सांगा. मात्र ‘म्हणजे आता काही होणार नाही’ हे वाक्य त्याला जोडू नका, आणि याचे कारणही आईंच्या माहेराकडचेच आहे. किल्लारी परिसरात भूकंपाच्या आधीच्या वर्षात लहान धक्के बसत होते. ऑक्टोबर 1992 मधला एक तर साधारण तुमच्याकडच्या जुलैच्या धक्क्याएवढा होता. लोक घाबरले, त्यांनी विचारणा केली, आणि त्यांना धीर देण्यात आला. पुढे जे झाले ते आईंनी पाहिले आहे. त्यामुळे ‘घाबरू नका’ हे नुसते शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाहीत. याच्या उलट, पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे 2018 च्या अखेरीपासून दीर्घकाळ शेकडो लहान धक्के बसले आणि त्यांच्यामागून मोठा भूकंप आला नाही. बहुतेक ठिकाणी असेच होते, क्वचित तसे होते, आणि कोठे काय होईल हे आधी कळत नाही. प्रामाणिक शास्त्रज्ञ एवढेच सांगेल. जो तारीख सांगतो तो आणि जो पूर्ण हमी देतो तो, दोघांचेही ऐकू नका.

देवाच्या कोपाविषयी मला मनापासून राग आहे आणि तो मी लपवणार नाही. 1934 साली बिहारमध्ये फार मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले होते. अस्पृश्यतेच्या विरोधात त्यांच्याबरोबर असलेल्या रवींद्रनाथांनी या म्हणण्याला जाहीर हरकत घेतली, की निसर्गातील घडामोडींची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत. इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडूनही ती गोष्ट चूकच ठरली. भारताचा भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे, हिमालयाशी अडतो आहे, आणि त्या दाबाचा काही भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाखालील जुन्या भेगांतही साठतो. वसमत तालुक्यात जमिनीतून येणाऱ्या ज्या आवाजांची तुमच्याकडे चर्चा असते, तसे आवाज उथळ आणि लहान धक्क्यांसोबत जगात इतरत्रही ऐकू येतात. कोप म्हणणाऱ्यांना आपण काय बोलतो याची कल्पना नसावी. कोणाच्या तरी पापामुळे भूकंप होतो असे मानले, तर ज्या दोन लहान मुली माळवदाखाली गेल्या त्यांचे पाप कोणते, हा प्रश्न तुमच्या आईंच्या मनात उभा राहतो आणि म्हणून त्या गप्प होतात. हे बोलणाऱ्यांपैकी कोणी नात्यातले असेल, तर त्यांना बाजूला घेऊन हेच सांगा.

पुण्याला आणावे का? त्यांना यावेसे वाटत असेल तर अवश्य आणा, आठ-पंधरा दिवस राहू द्या. पण भूकंपापासून पळवून आणल्यासारखे आणू नका. वडील, जनावरे आणि शेत तिकडे असताना त्यांचे चित्त येथे लागणार नाही, आणि रोज सकाळी फोन लागेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला राहील. शिवाय किल्लारीनंतर सुधारलेल्या नकाशात लातूरचा भाग ज्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, भूकंपप्रवण विभागात घेतला गेला, त्याच विभागात पुणेही होते. 2001 मध्ये भूकंप भूजला झाला, पण दूरवरच्या अहमदाबादेतील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. म्हणून पुणे सुरक्षित आणि गाव धोक्याचे अशी सरळ विभागणी नाही. तुमची इमारत कोणत्या वर्षी बांधली आणि खाली वाहनतळासाठी नुसते खांबच उभे आहेत का, याची चौकशी तुम्हीही एकदा करून ठेवा.

येत्या शनिवारी गावी जा. गवंड्याला आधी फोन करून ठेवा. घराची पाहणी झाली की आईंच्या बाजेशेजारी आपलीही बाज टाका, आणि रात्री मावशींबद्दल विचारा. भूकंपाच्या रात्रीबद्दल विचारू नका. त्या कशा होत्या, लहानपणी दोघी काय खेळत, त्या मुलींची नावे कोणी ठेवली होती, ते विचारा. आई त्या रात्रीकडे वळल्या तर वळू द्या, आणि त्यांचे सांगणे संपेपर्यंत उठू नका.